शेळीच्या ढेकराचा हिशेब

शेळीच्या ढेकरातील मिथेन मोजण्याचा विषय निघाला की आपल्यातील पुष्कळ कार्यकर्ते संतापतात. विमाने उडवायची श्रीमंतांनी आणि जाब द्यायचा भूमिहीन बाईच्या शेळीने? संताप रास्त आहे. त्यातून काढलेला ‘मोजणीच नको’ हा निष्कर्ष मात्र घातक आहे. आपण मोजले नाही म्हणून शेळी हिशेबातून सुटत नाही. तिच्या नावापुढे दुसराच कोणी तरी अंदाज लिहून ठेवतो.

भातशेतीच्या बाबतीत हेच घडले. भारतीय भातखाचरांतून वर्षाला सुमारे ३.८ कोटी टन मिथेन निघतो, असा अंदाज अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण यंत्रणेने मांडला होता. १९९१ साली डॉ. ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली आपल्या शास्त्रज्ञांनी खाचरांत उतरून मोजणी केली, तेव्हा आकडा भरला सुमारे ४० लाख टन! त्याच वर्षी अनिल अग्रवाल व सुनीता नारायण यांनी जगण्यासाठीचे आणि चैनीचे उत्सर्जन एकाच तराजूत घालण्यास आक्षेप घेतला. तो युक्तिवाद मला आजही मान्य आहे. परंतु नऊ-दशांश आरोप गळून पडला तो मोजणीने.

शेळीमागे वर्षाला ५ किलो मिथेन, हा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतील २००६ चा ठोकताळा ४० किलो वजनाच्या शेळीचा आहे. आपली उस्मानाबादी शेळी भरते तीस-बत्तीस किलो. ती बाभळीचा पाला ओरबाडते; अशा पाल्यातील टॅनिनमुळे मिथेन घटतो. उलट वाळका, निकस चारा तो वाढवतो. तेव्हा खरा आकडा काय, हे बंद कोठडीत तयार चारा घातलेली शेळी सांगणार नाही. पोटात सूचक वायूची नळी आणि गळ्यात श्वास साठवणारी डबी, अशा पद्धतीने चरत्या जनावराचीही मोजणी करता येते. ती धाराशिव-सोलापूरच्या माळांवर, बारमाही झाली पाहिजे.

तूर्त तो ५ किलोचा आकडाच धरू. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या होत्या. म्हणजे मिथेन ५३ हजार टन. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट धरला, तर एका शेळीचा वर्षाचा वाटा साधारण ६० लिटर पेट्रोलच्या धुराइतका होतो. शनिवार पेठेत माझ्या दारासमोर रस्ता अडवून उभ्या राहणाऱ्या मोटारी तेवढे पेट्रोल दीड-दोन महिन्यांत पितात. शिवाय पेट्रोलमधला कार्बन जमिनीच्या पोटातून नव्याने येतो. शेळीचा येतो गवतातून, आणि तिचा मिथेन बहुतांशी दहा-बारा वर्षांत विरतो.

डेन्मार्कने २०२४ साली पशुधनाच्या उत्सर्जनावर २०३० पासून कर लावण्याचे ठरवले. आपल्याकडे कर येणार नाही. येईल ती चराईबंदी. १९९२ च्या आदर्श गाव योजनेतही ती अट होती. बंदीने डोंगर हिरवे होतात हे खरे. पण ज्याच्या बांधावर गवत नाही, त्याने शेळी कोठे चारावी? शेळीने रान उजाड केले हा आरोप जुनाच आहे. उद्या त्याला मिथेनचा पुरावा जोडला जाईल. म्हणून कृषी विद्यापीठांकडे मोजणीची मागणी आपणच केली पाहिजे. आणि प्रत्येक आकड्याशेजारी त्या शेळीच्या मालकिणीच्या नावावर जमीन किती, हा रकानाही असला पाहिजे.