निर्गुडीच्या पाल्याची कसोटी

सांधा सुजला की निर्गुडीचा पाला गरम करून बांधावा, हे जालना जिल्ह्यातील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. या उपायाने खरोखर सूज उतरते काय, हा प्रश्न मात्र आजवर श्रद्धा आणि तुच्छता यांच्यावरच सोडून देण्यात आला आहे.

प्रयोगशाळांनी काहीच केले नाही असे नव्हे. उंदराच्या पंजात कॅरॅजिनन हे समुद्रशैवालातील द्रव्य टोचून सूज आणावयाची आणि अर्क दिल्यावर ती किती घटते हे मोजावयाचे, ही पद्धत 1962 पासून रूढ आहे. निर्गुडीचे अर्क या परीक्षेत उतरल्याचे निबंधही प्रसिद्ध झाले आहेत. परंतु उंदराच्या पंजावर काही तासांत आलेली सूज म्हणजे ऊसतोडीत वर्षानुवर्षे झिजलेला गुडघा नव्हे. आणि पोटात दिलेला अर्क म्हणजे वरून बांधलेला पाला नव्हे.

खरी परीक्षा माणसावरच व्हावयास हवी, आणि ती होऊ शकते. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघेदुखीच्या 440 रुग्णांवर 24 आठवडे गुळवेल, सुंठ आदींच्या योगांची सेलेकॉक्सिब व ग्लुकोसामाइनशी तुलना केली. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हे योग त्या औषधांच्या तोडीचे ठरले. मात्र काही रुग्णांच्या रक्तातील यकृताचे एक विकर वाढल्याचेही आढळले. गुण आणि धोका, दोन्ही चाचणीमुळेच कळले.

1981 साली स्वतंत्र जिल्हा झालेल्या जालन्याला 2024 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय लाभले. तेथे निर्गुडीची चाचणी हाती घ्यावी. नुसत्या शेकानेही दुखणे हलके होते. म्हणून काही रुग्णांना दुसरा निरुपद्रवी पाला तितकाच गरम करून बांधावा, म्हणजे गुण उबेचा की निर्गुडीचा, हे स्पष्ट होईल. त्यासाठी अवाढव्य यंत्रसामग्री लागत नाही. शिस्त, नोंदी आणि रुग्णांची संमती लागते.

हा केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा विषय नाही. मजुरी बुडू नये म्हणून वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेणाऱ्याच्या जठराला व मूत्रपिंडाला इजा पोहोचते. 'जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत स्टेरॉइडची भेसळही सापडली आहे. पाला गुणकारी ठरला तर गरिबाला बांधावरचे औषध मिळेल. निरुपयोगी ठरला तर त्याचा वेळ वाचेल. परंपरेचा आदर तिची आरती ओवाळून होत नाही. तिला कसोटीला लावूनच होतो.