संगणक झोपला, सफाई राहिली

आता आपल्या पुष्कळ घरांत संगणक आला आहे. कोणी हप्त्याने नवा लॅपटॉप घेतला, कोणी जुना घेऊन दुरुस्त करून वापरतो. टीव्ही बिघडला तर करमणूक बुडते, एवढेच. पण या यंत्रात मुलीचे शिष्यवृत्तीचे कागद, जातीच्या दाखल्याची प्रत, मुलाचा कॉलेजचा प्रकल्प आणि कधी कधी आजोबांचा एकुलता एक फोटो असतो. म्हणून त्याची निगा राखणे हे दुकानदारावर सोडून देण्याचे काम नाही. घरातल्या प्रत्येकाने ते समजून घ्यावे असे आम्हाला वाटते.

एक शंका पुष्कळांच्या मनात असते. संगणकाची सफाई, तपासणी वगैरे कामे आपोआप होतात म्हणतात, मग तो ‘स्लीप’मध्ये गेला तर ती चालू राहतात की थांबतात?

सरळ उत्तर असे : थांबतात.

विंडोजमध्ये २०१२ सालच्या आठव्या आवृत्तीपासून देखभालीची एक ठरलेली वेळ असते. आपण बदलली नाही तर ती रात्री २ ची. जणू रात्रपाळीचा कामगारच. नवे सुधार बसवणे, व्हायरसची तपासणी आणि डिस्कची आवराआवर ही त्याची कामे. पण संगणक चालू असेल आणि कोणी वापरत नसेल तरच तो कामाला लागतो. आपल्याकडे मात्र अभ्यास झाला की झाकण मिटायचे, बटण बंद करायचे आणि झोपायचे. रात्रपाळीचा कामगार दारावर येतो तेव्हा दाराला कुलूप! काम बुडाले तर विंडोज पुढे मोकळी वेळ मिळताच ते करू पाहते. पण ती वेळ कधी मिळालीच नाही तर कामे साचत जातात आणि नेमक्या अर्ज भरण्याच्या दिवशी यंत्र मंद चालू लागते.

‘झोप’ म्हणजे काय तेही पाहू. संगणकाची स्मृती हा स्वयंपाकाचा ओटा समजा. स्लीपमध्ये गॅस बंद होतो, पण ओट्यावरचे सामान तसेच राहते. जाग आली की पुढे सुरू. त्यासाठी थोडी वीज मात्र लागते. ‘हायबरनेट’मध्ये ते सामान कपाटात, म्हणजे डिस्कवर, ठेवून वीज पूर्ण बंद होते. दोन्हींत स्वयंपाक काही पुढे सरकत नाही. काही नवे लॅपटॉप झोपेत थोडीफार कामे करतात, पण त्यावर विसंबून राहू नये.

आणि नुसता पडदा काळा होणे म्हणजे झोप नव्हे! पडदा बंद असला तरी आतले काम चालूच राहते. हा फरक घरात सर्वांना सांगून ठेवावा.

मध्येच झोप लागली तर कोणत्या कामाचे काय होते?

सुधार उतरवून घेणे थांबते, पण जाग आल्यावर बहुधा पुढे चालू होते. सुधार बसवताना मात्र ‘बंद करू नका’ अशी सूचना पडद्यावर येते. तेव्हा झाकण मिटू नये आणि वीजही तोडू नये. व्हायरसची तपासणी जिथल्या तिथे अडते. जाग आल्यावर काही प्रोग्राम ती पुढे चालवतात, काहींना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. डिस्कची आवराआवर अर्धवट राहिली तरी फाइली जात नाहीत. ती पुन्हा करता येते.

खरी काळजी पेनड्राइव्हवर प्रत घेताना. प्रत अर्धी झाली, संगणक झोपला आणि घाईत कोणी पेनड्राइव्ह उपसून नेला, तर ती प्रत निकामी ठरू शकते. वाईट हे, की आपल्याला वाटते प्रत आहे, आणि ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी ती उघडत नाही. म्हणून प्रत घेताना समोर बसावे आणि झाल्यावर दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात.

मग रोज रात्रभर यंत्र चालू ठेवायचे का? वीजबिल भरणाऱ्या घराला आम्ही असे सांगणार नाही. त्याची गरजही नाही. आठवड्यातून एकदा, रविवारी कपडे धुण्याच्या वेळी म्हणा, लॅपटॉप चार्जरला लावून दोन तास उघडा ठेवावा. पॉवरच्या सेटिंगमध्ये चार्जर लावलेला असताना झोपेची वेळ ‘कधीच नाही’ अशी करावी. पडदा खुशाल बंद होऊ द्यावा. मग कंट्रोल पॅनेलमधल्या सुरक्षा व देखभाल या भागातून देखभाल हाताने सुरू करता येते. पडदा बंद असताना यंत्राला २० वॅट लागतात असे धरले तर चार रविवार मिळून १६० वॅट-तास होतात. एका युनिटचा सहावा हिस्सासुद्धा नाही. लॅपटॉप गादीवर ठेवू नये, हवा खेळती राहील अशा जागी ठेवावा.

काम आटोपले की ‘रीस्टार्ट’ करावे. विंडोज ८ पासून बहुतेक यंत्रांत ‘शट डाउन’ केले तरी आतला काही भाग पुढच्या वेळेसाठी जपून ठेवला जातो. रीस्टार्टने सगळे नव्याने सुरू होते.

जुना संगणक घेतलेल्यांनी आणखी एक पाहावे. विंडोज १० ला मिळणारे सुरक्षेचे मोफत सुधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. जादा मुदतीची वेगळी नोंदणी केलेले सोडले तर अशा यंत्राला रात्रभर जागे ठेवले तरी ते सुधार येणार नाहीत. नवी आवृत्ती बसते का ते जाणकाराला विचारावे, आणि तोवर त्या यंत्रावर बँकेचे व्यवहार टाळावेत.

टेबलावर बसलेल्या मोठ्या ताईने किंवा दादाने रविवारचे हे दोन तास आपल्याकडे घ्यावेत आणि धाकट्यांनाही शिकवावे. हप्ते फेडून आणलेली वस्तू आहे, ती मुलांच्या परीक्षेपर्यंत नीट चालली पाहिजे.