दोन हेल्यांची टक्कर, मरण झाडाचं



कॅनडा देश सातासमुद्रापलीकडे. तिथल्या दोन राज्यांचं तेलाच्या पाइपलाइनीवरून भांडण झालं, ते आपल्या पत्रकात कशाला, असं काही साथी विचारतील. उत्तर सोपं आहे. ती पाइपलाइन ज्यांच्या जमिनीतून जाते ते तिथले मूळ रहिवासी आहेत. भांडण त्यांच्या जमिनीवरून झालं, आणि भांडणात त्यांनाच कोणी धरलं नाही. ही गोष्ट आपल्या ओळखीची आहे. म्हणून ती नीट समजून घेऊ.

आधी हकीकत. अल्बर्टा नावाचं राज्य समुद्रापासून लांब आहे. त्याच्या उत्तरेला जंगलाखालच्या वाळूत डांबरासारखं घट्ट तेल आहे. जंगल तोडून, जमीन उकरून ते काढतात. परदेशात विकायचं तर बंदर पाहिजे, आणि समुद्र आहे शेजारच्या ब्रिटिश कोलंबिया राज्याला. १९५३ सालापासून एडमंटन शहरातून डोंगर-नद्या ओलांडत बर्नबीच्या बंदरापर्यंत ट्रान्स माउंटन नावाची पाइपलाइन आहे, सुमारे ११५० किलोमीटर. तिच्यातून रोज ३ लाख पिंप तेल जायचं. एक पिंप म्हणजे १५९ लिटर. किंडर मॉर्गन या अमेरिकन कंपनीने ठरवलं की शेजारी दुसरी नळी टाकायची आणि रोज ८ लाख ९० हजार पिंपं न्यायची. बंदरात महिन्याला ५ जहाजं लागायची, ती ३४ होणार.

नोव्हेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने परवानगी दिली. २०१७ साली ब्रिटिश कोलंबियात सरकार बदललं. नव्या सरकारने जानेवारी २०१८ मध्ये सांगितलं की तेल सांडलं तर काय होतं याचा अभ्यास होईपर्यंत जास्तीचं तेल आमच्या राज्यातून नेऊ देणार नाही. अल्बर्टाच्या मुख्यमंत्री रेचल नॉटली यांनी लगेच शेजारच्या राज्याची द्राक्षाची दारू विकत घेणं बंद केलं. पुढे तेलाचा नळच आवळण्याचा कायदा केला. गंमत बघा, दोन्ही राज्यांत सरकार एकाच पक्षाचं होतं. तरी दोघे एकमेकांवर शिंगं रोखून उभे.

लोकही चिडले. अल्बर्टाचे कामगार म्हणत, २०१४ नंतर तेलाचा भाव पडला, आमची कामं गेली, आणि शेजारी आमची वाट अडवतो. ब्रिटिश कोलंबियाचे लोक म्हणत, पैसा त्यांचा आणि घाण आमच्या किनाऱ्यावर. द्राक्षवाला म्हणे, मी कोणाचं काय केलं? हा राग खोटा नाही. ज्याची चूल विझली तो चिडणारच. ज्याच्या खाडीत तेल सांडणार तोही चिडणारच. आमचं म्हणणं एवढंच, की दोघांचाही राग चुकीच्या दारावर नेऊन उभा केला. कामगाराला सांगितलं, तुझा वैरी शेजारचं राज्य. शेजाऱ्याला सांगितलं, तुझा वैरी तो कामगार. कंपनी मात्र मधून अलगद सुटली.

कशी सुटली ते ऐका. एप्रिल २०१८ मध्ये तिने सरकारला मुदत घातली: ३१ मेपर्यंत भांडण मिटवा, नाही तर आम्ही काम सोडतो. २९ मे रोजी केंद्र सरकारने जाहीर केलं की पाइपलाइन आम्हीच विकत घेतो, साडेचार अब्ज कॅनेडियन डॉलरला. कंपनी पैसे घेऊन मोकळी झाली आणि सगळा धोका जनतेच्या डोक्यावर आला. सुरुवातीला ५.४ अब्जांत होणार म्हणून सांगितलेलं काम ३४ अब्जांच्या आसपास गेलं. आपल्या रुपयात दोन लाख कोटींच्या घरात. ज्या लोकांना दोन गटांत वाटून झुंजवलं, त्या सगळ्यांच्याच खिशातून.

म्हण आहे, दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ. इथे तिसरा होता मूळ रहिवासी, आणि त्याला लाभ नाही, मरण आलं. दोन हेले टकरा घेतात तेव्हा चिरडतं ते मधलं झाड.

त्या झाडाचं नाव घेऊ. बर्नबीच्या खाडीकाठी स्लेवाटूथ लोक राहतात. त्यांच्या नावाचा अर्थच खाडीची माणसं. मासे, शिंपले, खेकडे हे त्यांचं अन्न. त्यांनी स्वतः अभ्यास केला, तेल सांडलं तर खाडीचं काय होईल ते लिहून काढलं, आणि २०१५ सालीच स्पष्ट ‘नाही’ सांगितलं. स्क्वॉमिश, कोल्डवॉटर आणि इतर लोकही कोर्टात गेले. डोंगराकडच्या सेक्वेपेमक लोकांपैकी काहींनी पाइपलाइनीच्या वाटेवर चाकांवरची छोटी घरं नेऊन उभी केली. बर्नबीच्या डोंगरावर लोकांनी पहाऱ्याचं घर बांधलं. २०१८ साली तिथे दोनशेहून जास्त माणसांना अटक झाली.

ब्रिटिश कोलंबियाची बहुतेक जमीन मूळ रहिवाशांनी कधी कोणाला लिहून दिलेली नाही. करार नाही, विक्री नाही. १९९७ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की राज्य सरकारला त्यांचा जमिनीवरचा हक्क संपवता येत नाही, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांनी तोंडी जपलेला इतिहास हासुद्धा पुरावा धरला पाहिजे. आपल्या वनहक्काच्या दाव्यातही वडीलधाऱ्यांचा जबाब पुरावा म्हणून चालतो. तेव्हा ही भाषा आपल्याला परकी नाही.

आता मुख्य मुद्दा. ३० ऑगस्ट २०१८ रोजी तिथल्या केंद्रीय अपील कोर्टाने परवानगी रद्द केली. कारण दोन. समुद्रातल्या जहाजांचा विचार केला नव्हता, आणि मूळ रहिवाशांशी खरी बोलणी केली नव्हती. कोर्टाच्या म्हणण्याचा सार असा, की सरकारची माणसं गेली, लोकांचं ऐकलं, वहीत उतरवलं आणि वही वर पाठवली. उत्तर द्यायचा अधिकारच त्यांना नव्हता. साहेब येतो, सतरंजीवर बसतो, लिहून घेतो आणि गाडीत बसून जातो. हे आपण किती वेळा पाहिलं!

आपण म्हणू, कोर्टाने न्याय दिला. पण पुढे काय झालं? सरकारने पुन्हा माणसं पाठवली, पुन्हा वह्या भरल्या. आणि आता पाइपलाइनीचा मालक कोण? सरकार. परवानगी देणारा कोण? तेच सरकार. १७ जून २०१९ रोजी त्यांच्या संसदेने ठराव केला की हवामानावर आणीबाणी आली आहे. १८ जूनला, दुसऱ्याच दिवशी, सरकारने पाइपलाइन पुन्हा मंजूर केली. मूळ रहिवासी पुन्हा कोर्टात गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच कोर्टाने सांगितलं, या वेळी सल्लामसलत पुरेशी झाली, आणि सल्लामसलत म्हणजे नकाराधिकार नव्हे. म्हणजे तुमचं ऐकू, पण तुमच्या ‘नाही’ला किंमत देणार नाही. मे २०२४ मध्ये तेल वाहायला लागलं.

मध्ये १३ जून २०२० रोजी जुन्या नळीतून सुमास लोकांच्या वस्तीजवळ १ लाख ९० हजार लिटरपर्यंत तेल सांडलं. २०२३ साली कॅमलूप्स गावाजवळच्या पिप्सेल या पवित्र जागी बोगद्याऐवजी उघडा चर खणायला नियामक मंडळाने मोकळीक दिली. तिथले लोक नको म्हणत होते. म्हणणं वहीत राहिलं, चर जमिनीत पडला.

कोणी म्हणेल, ब्रिटिश कोलंबियाचं सरकार तरी मूळ रहिवाशांच्या बाजूचं होतं ना? तपासून बघू. त्या सरकारचा दावा होता राज्याच्या अधिकाराचा. १६ जानेवारी २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने तो एकमताने फेटाळला. त्याच काळात त्याच सरकारचा दुसऱ्या एका पाइपलाइनीला पाठिंबा होता, गॅसच्या. ती वेटसुवेटेन लोकांच्या मुलखातून जाणार होती. त्यांचे परंपरेने आलेले प्रमुख नाही म्हणत होते. १९९७ चा तो मोठा खटला लढलेल्यांत हेच लोक होते. तरी २०१९, २०२० आणि २०२१ मध्ये पोलीस हत्यारं घेऊन त्यांच्या जंगलात शिरले आणि माणसं उचलली. तेलाच्या वेळी निसर्गाचा कळवळा, गॅसच्या वेळी पोलीस. म्हणून आम्ही म्हणतो, सरकार आपल्या बाजूने बोलतं तेव्हा त्याचं ऐकावं, पण त्याच्या खांद्यावर मान ठेवून झोपू नये.

दुसरी बाजूही लपवायची नाही. वाटेवरच्या चाळीसहून जास्त मूळ रहिवासी गटांनी कंपनीशी करार केले, पैसे आणि काम घेतलं. काहींना पाइपलाइनीत हिस्साही हवा होता. त्यांना फितूर म्हणायला आमची जीभ रेटत नाही. घरात पाणी नाही, पोरांना काम नाही, आणि समोरचा सांगतो की पाइपलाइन तर होणारच, घ्यायचं ते आत्ता घ्या. अशा वेळी केलेली सही ही खुशीची सही असते का? ज्याला ‘नाही’ म्हणायची सोय नाही, त्याच्या ‘हो’ला संमती म्हणू नये. आणि एका गावाची सही दुसऱ्या गावाला बांधत नाही.

हे अजून संपलेलं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅनडाचं केंद्र सरकार आणि अल्बर्टा यांनी नव्या पाइपलाइनीसाठी समजुतीचा करार केला, पुन्हा ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्याकडे. तिथले मुख्यमंत्री तक्रार करतात की आम्हाला टेबलावर बसवलं नाही. किनाऱ्याचे मूळ रहिवासी म्हणतात, आम्ही हे होऊ देणार नाही. शब्द तोच जुना: राष्ट्रहित.

आता आपल्या घरात बघू. १९९६ च्या पेसा कायद्यात जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी ‘सल्लामसलत’ असा शब्द आहे. वनहक्क कायद्यानंतर, २००९ च्या केंद्राच्या पत्रकाने जंगल वळतं करायला ग्रामसभेची संमती मागितली. त्याच बळावर २०१३ साली ओडिशात नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी खाणीला ‘नाही’ म्हटलं आणि ते ‘नाही’ टिकलं. पण त्याच वर्षी ५ फेब्रुवारीला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने दुसरं पत्रक काढलं. रस्ते, कालवे, वीजतारा आणि पाइपलाइन अशा लांबलचक कामांना ग्रामसभेच्या संमतीतून सूट दिली. अपवाद ठेवला तो आदिम जमातींच्या मान्य झालेल्या हक्कांचा. आपल्या राज्यात त्या म्हणजे कातकरी, कोलाम आणि माडिया. बाकीच्यांच्या जंगलातून रेघ ओढायची तर विचारायची गरज नाही, असाच त्याचा अर्थ. जणू रेघ बारीक असली की जमीन कापली जात नाही!

म्हणून ग्रामसभांनी एवढं करावं. सर्वेवाले आले, खुणेचे दगड रोवू लागले, तर आधी नकाशा आणि आदेश लेखी मागा. सामूहिक वनहक्काचा दावा राहिला असेल तर आत्ताच भरा. न वाचलेल्या कागदावर, कोऱ्या हजेरीपटावर सही-अंगठा देऊ नका. ठराव आपल्या बोलीत बोला, मराठीत लिहा, पोच घ्या. साहेबाने विचारलं, तुमचं म्हणणं काय, तर उलट विचारा: साहेब, आम्ही नाही म्हटलं तर काम थांबेल का? उत्तर ‘हो’ असेल तर ती संमतीची बोलणी. नसेल तर ती नुसती वही आहे, आणि तसं ठरावात लिहून ठेवा.

आणि रस्त्यावरून, धरणावरून, पाइपलाइनीवरून शेजारच्या गावाशी, शेजारच्या राज्याशी भांडायला कोणी चिथावलं, तर हे दोन हेले आठवा. शिंगं लावायच्या आधी बघा, कासरा कोणाच्या हातात आहे.

हे पत्रक ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत पोचवा.

जिंदाबाद!