३,३३७ बसगाड्यांच्या कराराचे काय झाले?



मुंबई महापालिकेच्या बेस्ट उपक्रमाच्या बसताफ्यात भाडेतत्त्वावरील आणखी बसगाड्या दाखल होणार, ही बातमी पुन्हा एकदा वाचली आणि राहवले नाही. किती येणार याचा आकडा दरवेळी ठळक छापला जातो. त्यातल्या बेस्टच्या मालकीच्या किती, हे मात्र कोणी विचारत नाही.

२०१९ मध्ये बेस्ट प्रशासनाने कामगार संघटनेशी करार करून स्वमालकीच्या ३,३३७ बसगाड्यांचा ताफा कायम राखण्याचे मान्य केले होते. आज स्वमालकीच्या गाड्या हजाराच्याही खूप खाली गेल्या आहेत. आयुर्मान संपलेली गाडी मोडीत काढलीच पाहिजे. पंधरा वर्षे मुंबईच्या पावसात आणि खड्ड्यांत धावलेल्या गाडीतून प्रवास करायची हौस कोणालाच नाही. पण गाडी कधी बाद होणार, हे ती घेतली त्याच दिवशी ठाऊक असते. मग तिच्या जागी नवी का घेतली गेली नाही?

पैसा नाही, हे उत्तर मला मान्य नाही. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता. त्यात बेस्टच्या वाट्याला आले एक हजार कोटी! प्रवाशाने मात्र आपला वाटा उचलला. मे २०२५ मध्ये किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले, तेही त्याने निमूटपणे दिले.

भाड्याच्या गाडीचा चालक कंत्राटदाराचा, देखभालही त्याचीच. ऑगस्ट २०२३ मध्ये या चालकांनी पगारासाठी काम बंद केले, तेव्हा थांब्यांवर ताटकळले ते प्रवासी. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका कंत्राटदाराने सेवा बंद केली आणि त्याच्या मिनी बस रस्त्यावरून गायब झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्यात भाडेतत्त्वावरील बेस्ट बसच्या प्राणघातक अपघातानंतर चालकाला मोठी गाडी चालवण्याचे पुरेसे प्रशिक्षण मिळाले होते का, यावर चर्चा झाली. हा प्रश्न माणसे दगावल्यावर का पडावा? स्वतःच्या गाड्या, स्वतःचे चालक आणि आगारातले स्वतःचे कारागीर असले की जबाबदारी कोणाची, हे शोधत बसावे लागत नाही.



पालिकेने येत्या अर्थसंकल्पात बेस्टच्या स्वमालकीच्या बसखरेदीसाठी स्वतंत्र तरतूद करावी आणि दरवर्षी किती गाड्या बाद झाल्या, किती घेतल्या, हे जाहीर करावे. वाचकांनाही विनंती आहे, आपल्या नगरसेवकाला एवढेच विचारा: ३,३३७ पैकी किती उरल्या?

– एक नियमित बसप्रवासी, मुलुंड