कॅप्सूलवरचा ठिपका कुठे आहे?

प्लेगची लस १८९७ मध्ये मुंबईत तयार करताना डॉ. हाफकिन यांनी लोकांच्या श्रद्धेची दखल घेऊन बोकडाच्या मांसाचा अर्क वापरला. त्यांच्या नावाची संस्था आज परळला आहे. पण शेजारच्या लालबागेत मिळणाऱ्या कॅप्सूलचे जिलेटिन गायीचे, म्हशीचे की डुकराचे, हे वेष्टन सहसा सांगत नाही. बिस्किटाला हिरवा ठिपका सक्तीचा, औषधाला नाही! हलाल पाहणारा मुसलमान, शाकाहारी जैन आणि गोमांस वर्ज्य मानणारा हिंदू, तिघेही एकाच अंधारात. जीवरक्षक औषधे वगळता असा उल्लेख दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये सक्तीचा ठरवला; सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल रद्द केला. आता धर्मागणिक खासगी दाखले नकोत. शासनानेच जिलेटिनचा स्रोत छापायला लावावा. प्राण वाचवताना शरीयतही सवलत देते. माहिती दडवण्याची सवलत कोणताच धर्म देत नाही.