पगार घेतला म्हणून काय झाले?

डिसेंबर संपत आला की धायरी फाट्यावरच्या चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत एकच वाक्य फिरू लागते: 'ते पगारी शिपाई होते, पैशासाठी परक्यांकडून लढले, त्याचा अभिमान कसला?' 'ते' म्हणजे १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावात ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन स्टाँटनच्या पलटणीत पेशव्यांविरुद्ध लढलेले महार सैनिक. हे बोलणारे बहुतेक जण त्या लढाईच्या पेरण्यातल्या स्मृतिस्तंभापाशी कधी गेलेले नसतात. धायरीहून ते अंतर फार नाही. नवले पुलावरची कोंडी काय ती आडवी येते.

आधी परक्यांचे पाहू. कंपनीच्या पलटणी पुण्यात आणल्या कोणी? ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह करून, मुलूख तोडून देऊन दुसऱ्या बाजीराव पेशव्यानेच तैनाती फौज पदरात घेतली आणि पुढच्या वर्षी तिच्याच आधाराने तो गादीवर परत बसला. धन्याने कंपनीशी करार केला तर ते राजकारण आणि शिपायाने त्याच कंपनीची चाकरी केली तर ती फितुरी, हा न्याय कुठला? त्या दिवशी पेशव्यांच्या बाजूने गावात शिरलेल्यांत अरबही होते, तेही पगारी. स्तंभावर लढाईत पडलेल्या सैनिकांची ४९ नावे आहेत. त्यांतली २२ 'नाक' या प्रत्ययाने संपतात, म्हणजे महारांची. उरलेल्यांत मराठे आहेत, मुसलमान आहेत. शिव्या मात्र २२ जणांनाच. तेव्हा खुपते ते पगार नव्हे, हे उघड आहे.

आता पगाराचे, आणि त्यासाठी अमेरिकेकडे पाहू. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेत सुमारे १ लाख ७९ हजार काळे सैनिक होते. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. काळ्याला १०, त्यातूनही ३ कपड्यांचे कापून. मॅसॅच्युसेट्सच्या ५४व्या पलटणीने हा अपुरा पगार घ्यायलाच नकार दिला. पुढे राज्य सरकार फरक भरून द्यायला तयार झाले, तरी नाही. पगाराविनाच १८ जुलै १८६३ रोजी त्यांनी फोर्ट वॅग्नरच्या तटावर चढाई केली. दक्षिण कॅरोलिनाच्या तिसऱ्या पलटणीतला सार्जंट विल्यम वॉकर आपल्या शिपायांना घेऊन कर्नलच्या तंबूपुढे गेला आणि सर्वांनी बंदुका खाली ठेवल्या: समान पगार नाही, तर चाकरी नाही. बंडाच्या आरोपावरून फेब्रुवारी १८६४मध्ये त्याला गोळ्या घातल्या. काँग्रेसने समान पगाराचा कायदा केला तो त्यानंतर, जूनमध्ये. माणूस म्हणून आपली किंमत काय, हे सरकारच्या वहीत लिहून घ्यायची जागा म्हणजे पगार. इकडेही जन्मभर बलुत्यावर आणि वेठीवर राबवलेल्या माणसाच्या हातात ठरलेला तनखा आणि अंगावर वर्दी येते, तेव्हा त्याला भाडोत्रीपणा म्हणायला फार सुरक्षित घरात जन्मावे लागते.

यावर एक आक्षेप मात्र वजनाचा आहे. अमेरिकेत अध्यक्ष लिंकनने १ जानेवारी १८६३ला गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला होता; कंपनीने जात मोडण्यासाठी एक गोळीही झाडली नाही. हे शंभर टक्के खरे. 'पाचशे महारांनी अठ्ठावीस हजारांची फौज कापून काढली' हे फलकांवरचे वाक्यही टिकत नाही. पेशव्यांची बरीच फौज नदीपलीकडे होती, प्रत्यक्ष लढली ती दोनेक हजार. आणि स्टाँटनकडे सगळेच महार नव्हते. मला ही फुगवलेली बेरीज नकोच. तहानभुकेल्या तुकडीने दिवसभर गाव सोडले नाही, एवढे कोणत्याही पलटणीला पुरे आहे.

कंपनीचा हेतू नव्हता म्हणून शिपायाच्या पराक्रमाचा अर्थ संपतो का? इंग्रजांनी तो स्तंभ स्वतःच्या मोठेपणासाठी उभारला आणि १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरतीच बंद केली. तेव्हा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे या महार नेत्यांनी पूर्वजांची हीच चाकरी सरकारपुढे ठेवून हक्क मागितला. पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलर असलेल्या कांबळ्यांनी १९१०मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला: सैन्य उघडा, नोकऱ्या उघडा. १ जानेवारी १९२७ रोजी सुभेदार रामजींचे चिरंजीव डॉ. आंबेडकर त्या स्तंभापाशी आले, ते कंपनीचे आभार मानायला नव्हे. ज्या सरकारने तुमची तलवार वापरून दार लावून घेतले त्याला जाब विचारा, हे सांगायला.

स्तंभाचा अर्थ स्टाँटनने ठरवलेला नाही, कांबळे-आंबेडकरांनी ठरवला आहे. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या बोधचिन्हात हा स्तंभ होता. आणि ती रेजिमेंट आज भारताच्या सैन्यात आहे.