दाराबाहेर बसलेली आई

कार्तिकी पौर्णिमेला ओझरच्या विघ्नहराच्या दीपमाळा उजळतात, उत्सवाची पाले उठतात आणि पुढे थोड्याच दिवसांत ३ डिसेंबर येतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९२ मध्ये मुक्रर केलेला हा जागतिक दिव्यांग दिन आता जुन्नर-आंबेगावच्या शाळांच्याही अंगवळणी पडला आहे. प्रभातफेरी निघते, सभागृहात शाल-श्रीफळ होते, मुलांना खाऊ मिळतो, दोन-चार जणांना साहित्य वाटले जाते आणि त्याचे फोटो निघतात. ‘पालकांनी खचून जाऊ नये’ हे वाक्य भाषणात असतेच. ज्यांना उद्देशून ते म्हटलेले असते त्या बायका मागच्या रांगेत बसलेल्या असतात. मांडीवर आठ-नऊ वर्षांचे पोर, पिशवीत पाण्याची बाटली आणि बदलायचे कपडे, लक्ष सगळे एसटीच्या वेळेकडे. माईक सरपंचांपासून पुरवठादारापर्यंत सगळ्यांच्या हाती जातो. मागच्या रांगेपर्यंत तो पोहोचल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

गंमत अशी की दिव्यांग मुलांच्या शिक्षणावर गेल्या पन्नास-साठ वर्षांत जे संशोधन झाले, त्यातला सगळ्यांत टिकाऊ निष्कर्ष या मागच्या रांगेबद्दलच आहे.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात पोर्टेज नावाचे गाव आहे. १९६९ मध्ये तिथल्या शिक्षणखात्याच्या माणसांपुढे आपल्यासारखाच पेच होता. मुले थोडी, घरे लांब लांब. मध्यवर्ती शाळा काढावी तर लहानग्यांचा निम्मा दिवस गाडीतच जाणार. त्यांनी शाळाच घरी न्यायची ठरवली. शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी यायची, मूल आज काय करू शकते ते आईबरोबर बसून पाहायची, आणि पुढच्या आठवड्यासाठी दोन-तीन लहान कामे ठरवून द्यायची. कपाने पाणी पिणे, मोजा ओढून काढणे, अशीच कामे. शिकवायचे मात्र आईने. पुढच्या भेटीत काय जमले, काय नाही, ते बघून बेत बदलायचा. मुले वेगाने पुढे सरकली आणि ही पद्धत देशोदेशी गेली. आपल्याकडे चंदीगडमध्ये तिच्यावर काम झाले. खेड्यातल्या अडचणीतून जन्मलेली ही पद्धत आपल्या खेड्यांत मात्र नीटशी उतरली नाही.

ब्रिटनमध्ये मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने १९७८ च्या अहवालात एक अख्खे प्रकरणच पालकांच्या भागीदारीला दिले. मेक्सिकोच्या डोंगरी गावांत राहून डेव्हिड वर्नर यांनी १९८७ मध्ये खेड्यातल्या दिव्यांग मुलांवर जे जाडजूड पुस्तक लिहिले, त्यात आधार, खुर्च्या, खेळणी सगळे गावातल्या लाकडातून आणि जुन्या टायरांतून केलेले आहे. पण परदेशी दाखले कशाला, पुण्यातच पाहू. केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी, डॉ. आनंद पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा मागोवा घ्यायला सुरुवात केली आणि ती मुले तरुण होईपर्यंत तो सोडला नाही. इतकी वर्षे चिकाटीने चाललेली अशी पाहणी आपल्या देशात विरळाच. बारा वर्षांच्या टप्प्यावर यांतल्या अनेक मुलांना वाचन आणि गणित जड जात असल्याचे दिसले. पण त्याचबरोबर आईचे शिक्षण आणि घरची परिस्थिती यांचा मुलाच्या बुद्धीच्या वाढीवरचा ठसाही ठळक दिसला. जन्माच्या वेळचे वजन कोणाच्या हाती नसते. घराचे तसे नाही, तिथे करण्यासारखे पुष्कळ उरते.

सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत रीता पेशावरिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या भारतीय कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि कुटुंबाच्या गरजा नोंदवायची एक प्रश्नावलीही तयार केली. मुलाला काय येत नाही हे मोजणारी साधने तोवर ढिगाने होती. घरच्यांना काय हवे, हे पद्धतशीर विचारायला इतका काळ गेला.

आणि तरी हे क्षेत्र उभे केले ते पालकांनीच. मुंबईत १९४४ मध्ये जय आणि होरमसजी वकील यांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी शाळा काढली; ती आज जय वकील म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. मिठू आलूर यांच्या मुलीला, मालिनीला, सेरेब्रल पाल्सी. तिच्यासाठी भारतात शाळाच नाही म्हटल्यावर आईने १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापन केली, आणि पुढे याच संस्थेने धारावीच्या अंगणवाड्यांत दिव्यांग मुलांना इतरांबरोबर बसवून दाखवले. देशभरातल्या पालक संघटना १९९५ मध्ये ‘परिवार’ या महासंघात एकत्र आल्या, त्यानंतर चारच वर्षांत राष्ट्रीय न्यास कायदा आला. पालक हलले की कायदा हलतो, असा आपला अनुभव आहे. फक्त शाळा काढणारे पालक शिकलेले, शहरातले आणि हाताशी पैसा असलेले होते. ओझरच्या शिवारात खुरपे चालवणाऱ्या बाईने शाळा काढावी अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण तिला जे कळते ते ऐकून तरी घ्यायला काय हरकत आहे?

तिला काय कळते, ते एकदा बघण्यासारखे आहे. ओझरजवळच्या एका वस्तीवर सेरेब्रल पाल्सी असलेला मुलगा आहे, त्याची पाठ धरत नाही. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो ज्या प्लॅस्टिकच्या क्रेटमधून जातो, तसा एक क्रेट त्याच्या आईने घेतला, एक बाजू करवतीने कापली, आतून गोधडी दुमडून बसवली आणि छातीशी जुन्या लुगड्याचा पट्टा बांधला. त्यात तो सरळ बसतो. समोर फळी आणि फळीवर भुईमुगाच्या शेंगा. भरलेली शेंग एका वाटीत, पोचट दुसऱ्या वाटीत. मूठ उघडायला त्याला वेळ लागतो, पण चूक क्वचित होते. बोलता येत नाही. ‘हो’ म्हणायचे असले की तो आढ्याकडे बघतो, ‘नको’ असेल तर डोळे मिटून घेतो. घरातल्या सगळ्यांना, अगदी धाकट्या बहिणीलाही, ही भाषा येते. शाळेच्या नोंदीत त्याच्या नावापुढे ‘प्रतिसाद नाही’ असे लिहिले आहे. लिहिणाऱ्याने आईला एवढेच विचारले होते की प्रमाणपत्र किती टक्क्यांचे आहे.

टक्के महत्त्वाचे आहेतच, चाळीसच्या खाली असले तर बऱ्याच सवलती मिळत नाहीत. पण त्या टक्क्यांसाठी पुण्याच्या रुग्णालयात खेपा घालायच्या म्हणजे दर खेपेला एक रोज बुडतो, गाडीभाडे जाते आणि पुढची तारीख मिळते. ऐन तोड्याच्या दिवसांत हे परवडत नाही. मग शिबिराला पालक आले नाहीत, अशी नोंद होते आणि पालकांत जागृती नाही, असा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. जागृती करायचीच तर ती शिबिराची तारीख ठरवणाऱ्यांची करावी.

‘पालकांचा सहभाग’ याचा व्यवहारातला अर्थ पाहिला तर आणखी चीड येते. मूल शाळेत बसवायचे तर आईने दिवसभर वर्गाच्या दाराबाहेर बसायचे, कारण शी-शूचे कोण बघणार? म्हणजे तिची दिवसाची मजुरी गेली, वर शाळेने तिला फुकटची मदतनीस करून ठेवले. आईला जमत नसेल तर थोरल्या मुलीची शाळा सुटते. एका मुलाचे शिक्षण दुसरीच्या शिक्षणावर उभे राहते आणि हजेरीपटावर ते दिसत नाही. बाप या सगळ्यात सहीपुरता. आजीला मुलाच्या खाण्याच्या, झोपेच्या, रडण्याच्या वेळा तोंडपाठ असतात, पण पालक मेळाव्याचे निमंत्रण आजीला जात नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या सोळाव्या कलमात मुलाबरोबर त्याच्या मदतनीसाच्या प्रवासाचीही सोय करायला सांगितले आहे. समग्र शिक्षा योजनेतही प्रवास आणि मदतनीस भत्ते आहेत. ते वेळेवर हाती पडावेत, एवढी माफक मागणी दरवर्षी करावी लागते. त्यातून आमच्या भागात प्रवास म्हणजे उसातून जाणारी पायवाट आणि बिबट्याची धास्ती. दिवेलागणीनंतर धडधाकट माणूस एकटा बाहेर पडत नाही, तिथे कडेवर मूल घेतलेल्या बाईचे काय!

आंबेगावच्या पश्चिम पट्ट्याची गोष्ट आणखी वेगळी. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या कुशीत महादेव कोळी आणि ठाकर वाड्या विखुरलेल्या आहेत. पावसाळ्यात ओढे चढले की फिरत्या विशेष शिक्षकाची फेरी चुकते. तिथल्या मुलाची चाचणी पुस्तकी मराठीत होते, शहरी वस्तूंची चित्रे दाखवून. चित्र ओळखता आले नाही तर ते मुलाच्या खाती जमा. हिरडा गोळा करायला घरच्यांबरोबर जाणाऱ्या मुलाला झाडे, फळे, वाटा किती ओळखता येतात, याची चाचणी कोणी बनवलेली नाही. ती आई-बापांना विचारूनच बनवावी लागेल.

घरचा गौरव करताना एक धोकाही ध्यानात ठेवावा लागतो. ‘आईइतके कोण करणार’ असे म्हणून सरकारने हात झटकायचे, हाही प्रकार आपण पाहतो. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि तीव्र व बहुविकलांग मुलांना गृहाधारित शिक्षणाचा हक्क मिळाला. हेतू चांगलाच होता. पण शिक्षक महिन्या-दोन महिन्यांनी एकदा येणार असेल, तर ते घरी ठेवलेले मूल आणि शाळेत ठेवलेले नाव एवढेच उरते. पोर्टेजमधली आई शिकवू शकली, कारण तिच्यामागे दर आठवड्याला येणारी प्रशिक्षित बाई होती. हा आधार काढून घेतला की उरते ती नुसती आईच्या त्यागाची भाषणे. युनेस्कोसाठी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१९ मध्ये जो अहवाल तयार केला, त्यात २०११ च्या जनगणनेच्या आधारे दाखवले आहे की पाच वर्षांच्या दिव्यांग मुलांपैकी तीन-चतुर्थांश कोणत्याही शैक्षणिक संस्थेत जात नाहीत. ५ ते १९ वयोगटात हे प्रमाण एक-चतुर्थांश आहे. म्हणजे शिकण्याच्या सर्वांत मोलाच्या वर्षांत बहुसंख्य मुलांना शिक्षक असतो तो घरातलाच. त्याच्यापर्यंत पोहोचायचे काम अंगणवाडी ताई आणि आशा ताई यांच्याखेरीज कोणाला जमणार नाही, आणि त्यांच्यावर आधीच इतकी रजिस्टरे लादली आहेत की आणखी एक द्यायला जीव धजत नाही. रजिस्टर वाढवू नये, प्रशिक्षण वाढवावे.

दिव्यांग हक्क कायद्याचे सतरावे कलम या मुलांच्या शिक्षणावर संशोधनाला उत्तेजन द्यायला सांगते, आणि दर पाच वर्षांनी मुलांची पाहणी करायलाही. ३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाची घोषणा केली तेव्हा कौतुक झाले, ते रास्तच होते. आता या विभागाने विद्यापीठांना आणि बीएड-डीएडच्या महाविद्यालयांना कामाला लावावे. पुण्यातून प्रश्नावली घेऊन यायचे, पन्नास घरांत खुणा करून घ्यायच्या आणि प्रबंध बांधून न्यायचा, हे संशोधन पुरे झाले. ज्या घरात माहिती घेतली, त्या घराला निष्कर्ष कळवण्याची साधी रीतसुद्धा आपल्याकडे नाही. क्रेटची खुर्ची करणारी आई संशोधनात ‘उत्तरदाती’ म्हणून येते. तिचे नाव सहकारी म्हणून यायला हवे, आणि तिच्या वेळेचा मोबदलाही.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, त्यांत वंचित गटातील मुलांच्या पालकांना प्रमाणात स्थान असावे, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो; २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलेही त्या गटात आली. जुन्नर आणि आंबेगावच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांनी प्रत्येक समितीत असा पालक आहे की नाही, याची यादी मागवावी. असेल तर तो बैठकीला येऊ शकेल अशा वेळी, म्हणजे अंधार पडायच्या आत, बैठक घ्यावी.

तोवर एक काम याच महिन्यातले आहे. विघ्नहर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की बीड-नगरकडच्या टोळ्या कोप्या टाकून बसतात. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे. पहाटे फडात गेले की मागे राहिलेले दिव्यांग मूल दिवसभर कोपीत असते, बहुधा एखाद्या भावंडाच्या भरवशावर. प्रमाणपत्र गावाकडचे, शाळा गावाकडची, इथल्या यादीत नाव नाही. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोय आहे, पण दिव्यांग मुलासाठी ते भरताना त्याच्या आईशी बोलायचे तर ती संध्याकाळी, फडातून परतल्यावरच भेटते. केंद्रप्रमुख आणि विशेष शिक्षकांनी त्या वेळी कोप्यांवर जायला हवे, मुकादमाला आधी सांगून, सरकारी गाडीने. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला की ही माणसे निघून जातात.